मावशींच्या हातावरचे जंतू

"दोन्ही हात पुढे करा, मावशी. बोटं जरा पसरा."

अनुमावशींनी हात पुढे धरले. फिनेल आणि ब्लीचिंग पावडरनं तळव्यांची कातडी पांढरी पडली होती, पेरापेरावर भेगा होत्या. मी ओल्या कापसाची काडी त्या भेगांमधून आणि नखांच्या कडेनं फिरवली आणि नळीत टाकली.

"काय दिसतंय का? परदेशवारी हाय का नशिबात?" त्यांनी विचारलं.

"आज नाही कळायचं. उद्या सकाळी."

"मग कळलं की पयल्यांदा मला सांगा. डाक्टरांला मागनं."

मी हसून हो म्हटलं.

या गोष्टीला एकोणीस वर्षं झाली. कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी ट्रस्टचं एक हॉस्पिटल होतं, त्याच्या लॅबमध्ये मी होते. सव्वीस वर्षांची, सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी., दरवर्षी मार्चमध्ये नव्या होणाऱ्या करारावर. कमी दिवसांच्या बाळांसाठी तिथं आठ खाटांचा वॉर्ड होता. तीन आठवड्यांत त्या वॉर्डातल्या पाच बाळांच्या रक्तात एकाच जातीचे जंतू सापडले होते. अ‍ॅसिनेटोबॅक्टर. आमच्याकडच्या सोळा औषधांपैकी एकालाही ते दाद देत नव्हते. पाचातली दोन बाळं गेली होती.

हॉस्पिटलचे आणि त्या वॉर्डाचे प्रमुख होते डॉ. शिरगुप्पे. त्यांनी मला सांगितलं, वॉर्डात कशालाही हात लावणाऱ्या प्रत्येकाचे हात तपासा. माझेसुद्धा. मला त्या 'माझेसुद्धा'चं फार कौतुक वाटलं होतं.

नऊ जणांचे हात तपासले. तिघांच्या हातावर अ‍ॅसिनेटोबॅक्टर निघाला: आया अनुसया आवळे, म्हणजे अनुमावशी, वॉर्डच्या सिस्टर सातपुते, आणि स्वतः डॉ. शिरगुप्पे. पण या तिन्ही हातांवरचे जंतू साधे होते. माणसाच्या कातडीवर असतात तसले. कुठलंही औषध लावा, मरत होते. बाळांच्या रक्तातले मरत नव्हते. म्हणजे तिघंही सुटले, असं माझ्या मनात आलं आणि मी कागद घेऊन धावत डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेले. मावशींना दिलेला शब्द मला आठवलासुद्धा नाही.

डॉक्टरांनी कागद शांतपणे वाचला.

"मग बाळांमध्ये हे इतके चिवट जंतू आले कुठून?"

"अजून माहीत नाही सर."

"साधा जंतू चिवट होऊ शकतो?"

इथं मी बोलायला नको होतं. निदान इतक्या हौसेनं तरी. पण मला त्या हॉस्पिटलमध्ये दोन वर्षांत कोणी असा प्रश्नच विचारला नव्हता. लघवी, रक्त, थुंकी, रिपोर्ट, सही, एवढंच चाललेलं. मी खुर्ची पुढे ओढली.

"होऊ शकतो सर. चिवट जंतू मेला की फुटतो. त्याचा डीएनए बाहेर पडतो. धाग्यासारखे तुकडे नुसते पडून राहतात. शेजारचा जिवंत जंतू त्यातला तुकडा आत ओढून घेतो आणि स्वतःच्या डीएनएत बसवतो. त्या तुकड्यात औषधाला तोंड द्यायची युक्ती असली, तर ती याला येते. याच्या पुढच्या सगळ्या पिढ्यांना येते. अ‍ॅसिनेटोबॅक्टर तर यात फार तरबेज."

"मेलेल्याकडून घेतो?"

"मेलेल्याकडून."

"आपल्या लॅबमध्ये दाखवता येईल?"

मी आनंदानं लाल झाले असणार. कॉलेजात हा प्रयोग मी केला होता. लागणारं एक विकर, म्हणजे एन्झाइम, कोल्हापूरच्या मैत्रिणीकडून बर्फात घालून एसटीनं मागवलं आणि कामाला लागले. बाळांच्या रक्तातले चिवट जंतू साबणासारख्या एका द्रव्यात घालून तासभर सत्तर अंशाच्या पाण्यात ठेवले. पूर्ण मेले. त्या मेलेल्या जंतूंचं पाणी हातावरच्या साध्या जंतूंत मिसळलं. कोणाच्या हातावरचे घ्यायचे? तिघांपैकी मावशींचे सगळ्यात जोमानं वाढले होते, म्हणून तेच घेतले. दुसरं काहीही कारण नव्हतं.

मग ते मिश्रण औषध घातलेल्या प्लेटवर पसरलं. शेजारी तीन प्लेट ताळ्यासाठी. एकीवर फक्त मावशींचे जंतू. एकीवर फक्त मेलेल्यांचं पाणी. आणि एकीवर दोन्ही, पण त्यात ते विकर घातलेलं. ते डीएनएचे तुकडे तुकडे करून टाकतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताळ्याच्या तिन्ही प्लेट कोऱ्या होत्या. मिश्रणाच्या प्लेटवर सात ठिपके होते. सात पांढरे, गोल, चकचकीत ठिपके. कालपर्यंत जे जंतू त्या औषधानं मरत होते, ते आज त्याच औषधावर घर करून बसले होते. मेलेल्यांचा डीएनए त्यांनी घेतला होता, आणि विकरानं डीएनए कापला की घेता येत नव्हता. मी प्लेट उजेडात धरून कितीतरी वेळ उभी होते. लॅबमध्ये दुसरं कोणी नव्हतं म्हणून बरं, मी चक्क गिरकी घेतली.

डॉक्टरांसाठी इंग्रजीत दीड पानाचं टिपण टाइप केलं. डॉक्टर म्हणाले, "बिडकर, तुम्ही इथं वाया जाताय." त्या दिवशी मी घरी पेढे नेले.

चार दिवसांनी, गुरुवारी सकाळी, मला ट्रस्टच्या बैठकीच्या खोलीत बोलावलं. टेबलापलीकडे डॉक्टर आणि ट्रस्टचे सचिव पाटोळे बसले होते. अलीकडे अनुमावशी उभ्या होत्या. त्यांना खुर्ची दिली नव्हती. मला दिली.

डॉक्टरांच्या हातात माझं टिपण होतं. ते एकेक वाक्य वाचून मावशींना मराठीत सांगत होते.

"बाई, हे शास्त्रीय संशोधन आहे. तुमच्या हातावर जंतू होते. त्या जंतूंनी वॉर्डात मेलेल्या जंतूंचा डीएनए घेतला आणि ते भयंकर झाले. तेच तुमच्या हातानं बाळांपर्यंत गेले. मॅडमनी प्रयोग करून सिद्ध केलंय. तुमचेच जंतू घेऊन."

मावशी माझ्याकडे वळल्या.

"मॅडम, तुमी लिवलं व्हय हे?"

"नाही. मी असं नाही लिहिलं. सर, मी 'घेऊ शकतात' असं लिहिलंय. नळीत घेतला. वॉर्डात घेतला असं मी कुठं म्हटलंय?"

"शकतात म्हणजे काय बिडकर? तुम्ही दाखवलंत ना, सात ठिपके?"

"नळीत, सर! मी मुद्दाम एकत्र केले म्हणून. मावशींच्या हातावरचे जंतू सगळ्या औषधांनी मरतात, तो रिपोर्ट मी तुम्हाला आधीच दिलाय. चिवट जंतू त्यांच्या हातावर सापडलेलेच नाहीत."

"तो रिपोर्ट एका दिवसाचा. हात धुतल्यावरचा असेल."

"मग तिघांना धरा. सिस्टर सातपुतेंच्या हातावर तेच होते. तुमच्याही होते सर."

पाटोळे सचिवांनी पहिल्यांदा मान वर केली. डॉक्टर जराही चिडले नाहीत. माझं टिपण त्यांनी माझ्याकडे सरकवलं.

"प्रयोग तुम्ही कोणाच्या जंतूंवर केलात?"

डॉक्टरांनी टिपणातल्या एका ओळीवर बोट ठेवलं.

"लिहिलंय तुम्हीच. 'आया, अ. आवळे.' माझं नाव आहे का कुठं यात?"

नव्हतं. ते सगळ्यात छान वाढले म्हणून मी मावशींचे घेतले होते, हे त्या खोलीत कोणाला सांगणार? सांगितलं तरीही. पाटोळे म्हणाले, "मॅडम, तुमचं काम झालं. तुम्ही जा."

बावीस वर्षं नोकरी केलेल्या बाईला त्यांनी दुपारी बाराच्या आत गेटबाहेर काढलं. गेलेल्या दोन बाळांच्या घरच्यांना बोलावून सांगितलं, दोषी सापडली, कारवाई केली.

मी लॅबमध्ये परत आले. सात ठिपक्यांची प्लेट फ्रिजमध्ये जपून ठेवली होती. ती काढली आणि टेबलावर आपटली. काच फुटली. मग स्वतःच गुडघ्यावर बसून सगळं जंतुनाशकानं पुसत बसले, कारण ते जंतू आता खरंच चिवट होते आणि ते मीच केले होते.

रविवारी सकाळी मावशींच्या घरी गेले. मार्केट यार्डामागे पत्र्याच्या खोल्यांची ओळ होती. मावशी दारात भांडी घासत होत्या. मला बघून उठल्या नाहीत.

"मावशी, मी माफी मागायला आले."

"मागा."

मी उभी राहिले.

"माझ्या लिहिण्याचा त्यांनी वाकडा अर्थ काढला. मी तसं..."

"आवो, अर्थ त्येंनी काढला, पर लिवलं कुनी?" त्यांनी तवा उलटा केला. "त्या पयल्या बाळाचा आजा काल हितं येऊन गेला. ह्या दारात हुबा ऱ्हाऊन आयमायवरनं शिव्या दिल्या त्यानं मला. गल्ली बघत हुती. शेजारची सून, तिचं लेकरू रोज माझ्या मांडीवर निजायचं. तिनं काल काढून घेटलं. म्हनली, मावशी, तुमच्या हाताला हाय म्हनं कायतरी."

त्यांनी दुसरं भांडं पुढे ओढलं.

"आनि तुमी मला पयल्यांदा सांगनार हुता."

"हो."

"इतकं दिस माझ्या हाताचं काय काय करत बसला, आनि मला एक शबूद न्हाई." त्यांचा आवाज चढला. "तुमी माझी नखं खरवडली मॅडम. त्या पेट्यांच्या बुडात कुनी हात घाटला का?"

"कुठल्या पेट्या?"

"काचंच्या! कच्ची लेकरं उबंला ठेवत्यात त्या. पाटोळेसायबानं आईच्या नावानं दिल्यात त्या तीन. बुडात पान्याचा कप्पा हाय त्येंच्या. वास मारतोय दोन म्हैन्यापास्नं. सांगिटलं तर म्हनं उघडायचा न्हाई, कंपनीची गॅरंटी जाती. म्या तीन येळा सांगिटलं शिरगुप्पे डाक्टरला. तिसऱ्या येळी म्हनला, बाई, फरशी पुसा. पाची लेकरं त्याच पेट्यांत हुती. इचारा जावा."

मी विचारलंच नव्हतं. पाच बाळं कुठं ठेवली होती, हा प्रश्न वॉर्डातल्या कुठल्याही आयेला सुचला असता. मी डीएनएत गुंग होते.

तशीच हॉस्पिटलात गेले. बाळांच्या वॉर्डात सिस्टर सातपुते ड्यूटीवर होत्या. पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांना म्हटलं, मला काचपेट्यांचे पाण्याचे कप्पे बघायचेत.

सिस्टरांनी दाराकडे बघितलं. मग कपाटातून रजिस्टर काढून माझ्यापुढे उघडलं. नऊ जुलै. 'काचपेटी दोनच्या खालून दुर्गंधी. आया आवळे यांनी कळवले. कप्पा उघडण्याची परवानगी हवी.' खाली सिस्टरांची सही. त्याच्या खाली, हिरव्या शाईत, 'पाहिले', आणि डॉ. शिरगुप्पेंची सही.

"तुम्ही बैठकीत का नाही बोललात सिस्टर?"

"मला बोलावलं कुठं?" त्या म्हणाल्या. "आणि बोलावलं असतं तर बोलले असते का, तेही मला माहीत नाही. माझ्या हातावरपण होते ना."

तीनपैकी दोन पेट्या रिकाम्या होत्या. सिस्टरांनी कात्रीच्या टोकानं पहिल्या पेटीचे स्क्रू सोडवले आणि कप्पा ओढला. बाळाला कोरडेपणा लागू नये म्हणून बाहेरच्या तोटीतून भरलेल्या त्या पाण्याची वाफ वर जायची. कप्प्याच्या तळाला बोटभर जाड, गुळगुळीत, तपकिरी साका बसला होता. वास असा आला की सिस्टरांनी तोंड फिरवलं. दुसऱ्या पेटीचा कप्पाही उघडला, तिथंही तेच. मी दोन्ही कप्प्यांमधून नमुने घेतले.

सोमवारी सकाळी प्लेट भरून वाढ होती. मंगळवारी औषधांचा निकाल आला. सोळाच्या सोळा औषधांना दाद नाही. पाच बाळांचे रिपोर्ट काढून शेजारी मांडले. ओळीला ओळ जुळत होती.

डॉक्टर वॉर्डात राऊंडवर होते. मी तिथंच गेले. तिसऱ्या पेटीत एक मुलगी होती, जाधवांची, अकराशे ग्रॅमची. तिची आई काचेला कपाळ टेकून बसली होती.

"सर, जंतू पेटीत आहेत. हे बघा. ही पेटी आत्ता बंद करा."

डॉक्टरांनी माझा कोपर धरून मला बाजूला नेलं. "हळू बोला. परवानगीशिवाय यंत्र उघडलंत?"

"नऊ जुलैला तुम्ही सही केलीत. 'पाहिले'. काय पाहिलंत सर?"

"बिडकर, उगाच थयथयाट नको. कप्प्यातसुद्धा आयेच्या हातानंच गेले असतील. तुमच्याच सिद्धांतानं."

"कप्पा कधी उघडलाच नाही! तिचा हात गेला कसा आत?"

"मार्चमध्ये तुमचा करार संपतो. लक्षात आहे ना?"

आयुष्यात कधी ओरडले नव्हते अशी मी ओरडले. "दोन लेकरं मेली! तुम्हाला वास येत होता आणि तुम्ही पुसायला बाई लावलीत! आणि मग ती बाईच हाकललीत!"

सगळा वॉर्ड थांबला. मुलीची आई उठून उभी राहिली. "काय झालं? काय आहे पेटीत?"

डॉक्टर तिला काहीतरी सांगायला वळले. तेवढ्यात सिस्टर सातपुते पुढे झाल्या. हात धुतले, पेटीची खिडकी उघडली, नळ्या सांभाळत त्या एवढ्याशा जिवाला दोन्ही तळव्यांवर उचललं आणि शेजारच्या उघड्या वॉर्मरवर ठेवलं. मग वाकून पेटीची पिन भिंतीतून उपटली.

"सिस्टर!" डॉक्टर म्हणाले.

"मेमो द्या सर," सिस्टर म्हणाल्या. "सही करून घेते."

त्या वॉर्डात त्यानंतर एकाही बाळाला तो जंतू लागला नाही. जाधवांची मुलगी सहा आठवड्यांनी घरी गेली.

बाकीचं मात्र तसं सरळ झालं नाही. मी दुसरं टिपण लिहून रजिस्टरच्या पानाच्या झेरॉक्ससकट जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे पाठवलं. दीड महिन्यानं दोन साहेब आले, चहा घेतला, पेट्या बघितल्या. अहवालात 'देखभालीत त्रुटी' असे शब्द आले. कोणाची, ते आलं नाही. डॉ. शिरगुप्पे ट्रस्टच्या दुसऱ्या हॉस्पिटलात गेले, जाताना त्यांना शाल दिली. सिस्टरांना मेमो मिळाला. माझा करार मार्चमध्ये संपला तो संपलाच.

मावशींना ट्रस्टचं पत्र आलं. आपल्या दीर्घ सेवेचा सहानुभूतीपूर्वक विचार करून आपणास पुन्हा कामावर घेण्यात येत आहे. मावशींनी ते आपल्या सुनेकडून दोनदा वाचून घेतलं आणि परत पाठवलं. चूक नव्हती असं लिहा, मग येते, असा निरोप धाडला. ट्रस्टनं तसं कधी लिहिलं नाही. त्या कधी गेल्या नाहीत. यार्डात मिरच्या निवडायला जायला लागल्या.

गाव सोडायच्या आदल्या दिवशी सकाळी मी त्यांना भेटायला गेले. या वेळी त्यांनी चहा टाकला. राग गेला होता असं मी म्हणणार नाही.

"त्येंनी न्हाई लिवलं," त्या म्हणाल्या. "तुमचं तरी लिवून द्या. मराठीत. गल्लीत वाचून दाखवीन."

मी पिशवीतून कोरा कागद काढला. विचार करून, एकेक शब्द तोलून लिहिलं, सही केली, खाली पदवी घातली. मावशींनी सुनेला हाक मारली. ती दारात उभी राहून मोठ्यानं वाचायला लागली.

"श्रीमती अनुसया आवळे यांच्या हातांमुळे बाळांना ही लागण बहुधा झालेली नाही."

"थांब." मावशींनी चहाचा कप खाली ठेवला. "बहुधा कशाला?"

"मावशी, शास्त्रात शंभर टक्के नाही म्हणता येत. प्रत्येक क्षणाचा पुरावा..."

"मला काढताना हुता का शंभर टक्के?"

सून कागद धरून तशीच उभी होती. मी तो तिच्या हातातून घेतला आणि फाडला. दुसरा कागद काढला. या वेळी विचार करावा लागला नाही. जे माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं तेवढंच लिहिलं.

सुनेनं वाचलं. "अनुसया आवळे यांच्या हातांवरचे जंतू मी तपासले. ते प्रत्येक औषधाने मेले. काचपेट्यांच्या कप्प्यांतले जंतू मी तपासले. ते एकाही औषधाने मेले नाहीत. बाळांच्या रक्तातले जंतू मी तपासले. तेही एकाही औषधाने मेले नाहीत. काचपेटीला दुर्गंधी येते हे अनुसया आवळे यांनी कळवल्याची नऊ जुलैची नोंद मी वाचली."

मावशी ऐकत होत्या. सून थांबल्यावर त्यांनी कागद घेतला, घडी घातली, पदराच्या गाठीत बांधला आणि माझ्याकडे बघितलं.

"आधी हेच लिवायचं हुतं की," त्या म्हणाल्या.